कॅब सिम्युलेटर पेडल आणि घरचं रेकॉर्डिंग: सोलापुरातून सारखे येणारे प्रश्न

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. भिंतीपलीकडे पॉवरलूम, वर पत्रा, मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे. अशा खोलीत अँपसमोर माईक लावून गिटार रेकॉर्ड करायचा प्रयत्न मी दोन उन्हाळे केला आणि सोडून दिला. तेव्हापासून कॅब सिम्युलेटर, म्हणजे गिटार अँपच्या स्पीकरची नक्कल करणारं पेडल, वापरतो. त्याबद्दल मुलं जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्नांना क्रमांक आहेत, म्हणजे तेच तेच पुन्हा लिहावं लागणार नाही.

१. दादा, माझ्याकडे डिस्टॉर्शन पेडल आहे. ते सरळ इंटरफेसला (गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) लावलं तर आवाज इतका घाण का येतो?

कारण मधला स्पीकर गेला. गिटारचा स्पीकर घरातल्या म्युझिक सिस्टीमसारखा सगळं जसंच्या तसं ऐकवणारा नसतो. बारा इंची कागदी कोन ८० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही. ५,००० हर्ट्झच्या वर तर तो जवळजवळ कड्यावरून खाली येतो. मधे दोन-चार हजारांच्या आसपास त्याचा स्वतःचा एक उठाव असतो, आणि गिटारचा ‘चावा’ तिथला.

डिस्टॉर्शनमुळे वरच्या पट्टीत भरमसाट कचरा तयार होतो. स्पीकर तो गिळून टाकतो, म्हणून अँपमधून आपल्याला तो कधी ऐकूच येत नाही. सरळ इंटरफेसला लावलं की तो सगळा कानावर येतो. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा चर्रर्र आवाज. पेडल बिघडलेलं नसतं. स्पीकर, त्याची लाकडी पेटी आणि समोरचा माईक या तिघांचं काम करायला कोणी नसतं, एवढंच. कॅब सिम्युलेटर ते काम करतो.

२. मग कॅब सिम्युलेटर आणि अँप सिम्युलेटर एकच ना?

नाही, आणि याच गोंधळात पैसे वाया जातात. अँप सिम्युलेटर प्रीअँप आणि पॉवर अँपची नक्कल करतो, कॅब सिम्युलेटर त्याच्या पुढच्या स्पीकरची. काही पेडलमध्ये दोन्ही असतं. २०१९ साली आलेलं स्ट्रायमनचं इरिडियम तसं आहे, बॉसचं आयआर-२०० पण तसंच. पण नुसता आयआर लोडर (स्पीकरच्या ठशाची फाइल चालवणारं पेडल, प्रश्न ३ पाहा) घेतलात तर अँप त्यात नाही, हे धरून चला.

नुसत्या कॅब सिम्युलेटरच्या आधी अँपसारखं वागणारं ओव्हरड्राइव्ह किंवा प्रीअँप पेडल असेल तर काम झकास होतं. गिटार सरळ लावली तर क्लीन आवाज येतो खरा, पण मीठ विसरलेल्या आमटीसारखा.

३. आयआर आयआर म्हणतात ते काय असतं?

इम्पल्स रिस्पॉन्स. रिकाम्या मंगल कार्यालयात एक टाळी वाजवा. टाळी क्षणात संपते, पण हॉल त्यानंतर जे बोलतो तो त्या हॉलचा बोटाचा ठसा. तसंच स्पीकरमधून एक ठरावीक सिग्नल वाजवतात, माईकने टिपतात आणि त्यातून एक छोटी वेव्ह फाइल काढतात. पेडल तुमच्या गिटारचा सिग्नल त्या फाइलमधून ‘गाळून’ घेतं.

फाइल किती छोटी? ४८ किलोहर्ट्झवर १,०२४ सॅम्पल म्हणजे जेमतेम २१ मिलिसेकंद, २,०४८ म्हणजे ४३. जवळून टिपलेल्या स्पीकरचं बहुतेक सगळं एवढ्यात येतं. त्यापुढे असते ती खोली. म्हणून ‘आमचा आयआर लांब आहे’ या जाहिरातीला फार भुलू नका.

आयआरमध्ये एक गोष्ट येत नाही. स्पीकरला जोर दिला की कोन स्वतः थोडा फाटल्यासारखा बोलतो, आणि तुम्ही हळू-जोरात वाजवाल तसा बदलतो. फाइल मात्र एकच ठसा, हळू वाजवा की जोरात. काही पेडल हा भाग वेगळ्या गणिताने आणायचा प्रयत्न करतात.

जुन्या पद्धतीच्या, फाइल न लागणाऱ्या पेट्याही आहेत. ह्यूजेस अँड केटनरचा रेड बॉक्स किंवा पामरच्या डीआय पेट्या सर्किटमधल्या फिल्टरवर चालतात. आवाज एकच, पण त्यात भानगड कमी.

४. लॅपटॉप आणि इंटरफेस आहे. पेडल घ्यायलाच पाहिजे का?

नाही. नादआयआर हा लॅपटॉपवर चालणारा फुकट लोडर आहे. रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यातल्या ‘रीव्हर्ब’ नावाच्या प्लगइनमध्येही आयआर फाइल टाकता येते. गणित तेच, निकाल तोच. पेडलवाल्या दुकानदाराला हे आवडणार नाही, पण खरं आहे.

पेडल मी का घेतलं? एक, वाजवताना उशीर जाणवत नाही (प्रश्न १० पाहा). दोन, गणपतीत मंडळाच्या स्टेजवर तोच आवाज नेता येतो. तीन, माझा लॅपटॉप म्हातारा आहे, चार प्लगइन लावले की पंखा लूमच्या बरोबरीने बोलायला लागतो. यातलं एकही कारण तुम्हाला लागू नसेल तर ते पैसे नव्या तारांवर आणि गिटारच्या सेटअपवर घाला.

५. कुठल्या क्रमाने जोडायचं?

गिटार, ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, प्रीअँप किंवा अँप सिम्युलेटर, मग कॅब सिम्युलेटर, मग इंटरफेस. कॅबनंतर डिस्टॉर्शन लावू नका. गाळलेल्या पाण्यात पुन्हा माती कालवल्यासारखं होतं.

डिले आणि रिव्हर्ब आधी की नंतर, यावर तासन्‌तास वाद चालतात. मोनोमध्ये फरक जवळपास पडत नाही, कारण दोन्ही सरळ गाळण्या आहेत, क्रम उलटला तरी निकाल तोच. स्टिरिओ रिव्हर्ब असेल तर मात्र मोनो कॅबच्या नंतरच हवा, नाहीतर डावं-उजवं पुन्हा एकाच नळात जातं.

६. अँपच्या मागच्या स्पीकर आउटमधून केबल काढून पेडलमध्ये घालू का?

नाही. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच, म्हणून उत्तरही ठळक.

५० वॅटचा अँप ८ ओहमवर पूर्ण जोरात २० व्होल्टपर्यंत देतो. पेडलला सवय असते गिटारच्या पिकअपमधून येणाऱ्या सिग्नलची, म्हणजे बहुधा एका व्होल्टच्या आतली. शिवाय ट्यूब अँपला समोर स्पीकरचा भार लागतोच. तो नसताना वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणजे एका केबलीत दोन वस्तू जातात.

मी केलं आहे हे. अँप ट्रान्झिस्टरचा होता म्हणून तो वाचला. पेडलचा दिवा दोनदा लुकलुकला आणि करपलेल्या पापडासारखा वास आला. वडिलांनी आतून विचारलं, ‘गॅसवर काय ठेवलंयस का रे?’ वर्षभराची साठवण दहा सेकंदांत गेली.

स्पीकर आउट वापरायचाच असेल तर मधे लोड बॉक्स लागतो, अँपच्या ओहमला जुळणारा. टू नोट्सचा टॉर्पेडो कॅप्टर हा तसा प्रकार, तो घेताना ४, ८ की १६ ओहम ते बघून घ्या. अँपला इफेक्ट्स लूपचा ‘सेंड’ असेल तर तिथून पेडलला सिग्नल घेता येतो, तो बहुधा लाइन पातळीचा असतो. पण ट्यूब अँपचा स्पीकर तेव्हाही जोडलेलाच ठेवा.

७. सगळं बरोबर जोडलं तरी आवाज चादरीखालून आल्यासारखा का येतो?

दोन कॅब लागले आहेत. दहापैकी आठ वेळा हेच असतं. मल्टीइफेक्टमधला कॅब चालू आणि पुढे पेडलचाही चालू. किंवा छोट्या प्रॅक्टिस अँपच्या हेडफोन जॅकमधून सिग्नल घेतलाय, आणि त्या जॅकवर आधीच स्पीकरची नक्कल बसवलेली असते. एक बंद करा.

पेडलमधून निघून पुन्हा गिटार अँपच्या पुढच्या जॅकमध्ये गेलात तरी हेच होतं, कारण तिथे खरा स्पीकर बसलाच आहे. पेडलचा आवाज ऐकायचा तो हेडफोनवर, मॉनिटरवर नाहीतर पीए स्पीकरवर.

८. शेकडो आयआर डाउनलोड केले. कुठला वापरू?

इथे थोडा वेळ थांबू, कारण घरच्या रेकॉर्डिंगचा निम्मा आवाज इथे ठरतो आणि निम्मा वेळही इथेच वाया जातो.

आधी स्पीकर. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा १९८६ साली आलेला, नावात ‘व्हिंटेज’ असला तरी. त्याचा वरचा मध्यभाग पुढे येतो, जड रिफ मिक्समध्ये उठून दिसतात, एकट्याने ऐकला तर टोचतो. त्याच कंपनीचा २५ वॅटचा ग्रीनबॅक मऊ, थोडा खरखरीत, जुन्या रॉकसाठी आणि आपल्या सिनेसंगीताच्या लीडसाठी मला तोच आवडतो. क्लीन आणि चकचकीत हवं असेल तर उघड्या पाठीच्या कॅबमधला जेन्सन प्रकारचा आयआर बघा.

मग माईक. शुअरचा एसएम५७ हा १९६५ पासूनचा, बहुतेक पॅकमध्ये असतोच. रिबन माईकचे आयआर, उदाहरणार्थ रॉयर १२१, वरून गोल असतात.

पण या दोन्हीपेक्षा जास्त फरक माईकच्या जागेने पडतो. स्पीकरच्या मधोमध जी गोल टोपी असते, तिच्यासमोर माईक असेल तर आवाज धारदार. टोपीची कड आणि कागदी कोन जिथे मिळतात तिथे समतोल. कोनाच्या बाहेरच्या कडेकडे जावं तसा मंद. हे अंतर किती? दोन बोटं सरकवलं तरी दुसरा अँप वाटावा इतका फरक. म्हणून आवाज टोचत असेल तर नवा पॅक शोधू नका, त्याच पॅकमधली ‘कॅप एज’ नावाची फाइल लावून बघा. मग हाय कट (वरचं कापणारा) ६,५०० हर्ट्झच्या आसपास आणि लो कट (खालचं कापणारा) ८० च्या आसपास. गिटारची खालची ई तार ८२ हर्ट्झची आहे, त्याखाली बहुतेक गडगडच असते.

माझी पद्धत सांगतो. ड्रम आणि बेस वाजत ठेवायचे, आवाज बोलण्याइतका, डोळे मिटून पाच फाइल ऐकायच्या आणि एक निवडायची. पुढचा महिनाभर तीच. नव्वद फाइलींची फोल्डर चाळणारा मुलगा गाणं पूर्ण करत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय. माझंही फोल्डर होतं.

९. गुंऽऽ असा आवाज सतत येतो. पेडल खराब आहे का?

बहुधा वीज. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५० आणि १०० वर येते. कारणं मात्र वेगवेगळी असतात, आणि ती एकेक करून वगळावी लागतात.

गिटारच्या तारांना हात लावला की कमी होते? मग गिटारचं शील्डिंग किंवा घरातलं अर्थिंग. जुन्या वाड्यांतल्या आणि कारखान्याला लागून असलेल्या खोल्यांतल्या तीन पिनी बोर्डात पुष्कळदा तिसऱ्या भोकात वायरच नसते. वायरमनला बोलावून बघून घ्या, यात गंमत नाही. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थ पिन कापणारे महाभाग आहेत. जीव जाऊ शकतो, कृपा करून तसं करू नका.

लॅपटॉपचा चार्जर काढला की थांबते? मग ग्राउंड लूप. रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर चालवा, किंवा लॅपटॉप, इंटरफेस आणि पेडल एकाच एक्स्टेंशनवर घ्या.

गुणगुण नसून बारीक शिट्टी किंवा टिकटिक आहे? मग पेडलचा अडॅप्टर. डिजिटल पेडल ९ व्होल्टवर २०० ते ५०० मिलिअँपिअर खातं, आणि एकाच अडॅप्टरला माळेसारखी पाच पेडलं लावली की त्याची कटकट बाकीच्यांत उतरते. कॅब सिम्युलेटरला स्वतंत्र अडॅप्टर द्या, पिनची दिशा तपासून, मधला निगेटिव्ह हा नेहमीचा प्रकार.

खास आपल्याकडची गोष्ट: शेजारचे लूम सुरू-बंद होताना ‘टक्’ येतं. मोठ्या मोटारी लाइनवर धक्के देतात. साध्या इन्व्हर्टरवरही करकर वाढते, कारण त्याची लाट गुळगुळीत नसते. यावर मी एकच उपाय करतो, लूम बंद असतात त्या दिवशी फायनल टेक घेतो.

सिंगल कॉइल पिकअप असेल तर ट्यूबलाइट आणि मोबाईलपासून लांब बसा, आणि खुर्ची फिरवून बघा. एका दिशेला गुणगुण चक्क निम्मी होते.

१०. वाजवलं की थोड्या वेळाने ऐकू येतं. पेडलचा दोष?

पेडलचा उशीर साधारण एक-दोन मिलिसेकंदांचा, तो जाणवत नाही. उशीर लॅपटॉपचा असतो. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेने २.७ मिलिसेकंद, १,०२४ चा म्हणजे २१. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर ते दाबा आणि सॉफ्टवेअरमधून येणारा आवाज बंद करा. कॅब पेडलमध्येच असल्यामुळे तयार आवाज थेट कानात येतो. प्लगइनवाल्यांना ही सोय नाही.

११. लेव्हल किती ठेवायची?

२४ बिटवर, सर्वात जोरात वाजवताना शिखर उणे १२ ते उणे १० डीबीच्या आसपास. लाल दिव्याच्या जवळ जायची गरज नाही. पेडलचं आउटपुट लाइन पातळीचं असेल तर इंटरफेसचं ‘इन्स्ट्रुमेंट’ बटण बंद ठेवा. एक्सएलआरने जोडत असाल तर काही माईकना लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर बंद, काही पेडलांना ती सोसत नाही.

१२. पंखा, लूम, गड्ड्याच्या जत्रेचे लाउडस्पीकर... हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये येईल का?

नाही, आणि सोलापुरात या पेडलचं खरं मोल हेच. माईकच नाही, तर येणार कुठून? (लूमचं विजेतून येणारं ‘टक्’ वेगळं, ते प्रश्न ९ मध्ये.) जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मी भर संध्याकाळी रेकॉर्ड केलंय, पंखा पाचवर. फक्त पिकअप जुना आणि सैल असेल तर गिटारवर टकटक केलेलं त्यात येतं, तेवढं सांभाळा.

गाणं किंवा अकुस्टिक माईकने घ्यायचं असेल तेव्हा हा आनंद संपतो. मग आपल्या चादरी उपयोगी पडतात. जाड सोलापुरी चादर दुहेरी करून, भिंतीपासून चारेक इंच सोडून दोरीवर टांगा. टाळी वाजवून आधी आणि नंतर ऐका, झणझण कमी होते. पण चादर फक्त वरचा आवाज शोषते, खालच्या घुमण्याला तिचा काही उपयोग नाही. आणि लूमचा आवाज तर ती मुळीच अडवत नाही, बिचारी त्याच लूमवरून आलेली असते.

१३. हेडफोनवर भारी वाटतं, मोबाईलवर लावलं की गिटार गायब!

दोन कारणं. मोठ्या आवाजात निवडलेला टोन हळू आवाजात पातळ पडतो, कारण कानाला हळू आवाजात खालची आणि वरची पट्टी कमी ऐकू येते. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ सालीच मोजून दाखवलंय. दुसरं, बेस वाढवून विकलेल्या हेडफोनवर निवड केली की आपण नकळत आयआर उजळ किंवा पातळ घेतो. आणि मिक्समध्ये गिटार मधल्या पट्टीत ऐकू येते. ‘मिड’ शून्यावर आणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. निवडीची पद्धत प्रश्न ८ मध्ये आहे.

१४. दोन आयआर एकत्र लावले तर आवाज मोठा व्हायच्या ऐवजी पोकळ झाला, असं कसं ओ?

फेज. एक माईक दुसऱ्यापेक्षा १७ सेंटिमीटर मागे असेल तर आवाज त्याला अर्धा मिलिसेकंद उशिरा मिळतो, आणि दोन्ही मिसळले की १,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. तोच गिटारचा गाभा. एकाच पॅकमधले, आधीच जुळवलेले आयआर घ्या, किंवा एकाचा फेज उलटवून बघा. उलटवल्यावर जास्त भरदार वाटलं तर तसंच ठेवा. खोलीतला लांबचा माईक मिसळायचा असेल तर अगदी कमी पातळीवर.

१५. माझं प्रोजेक्ट ४४.१ किलोहर्ट्झवर आहे आणि आयआर ४८ चा. चालेल?

पेडलमध्ये असेल तर विचारच करू नका, त्यातून बाहेर येतो तो अ‍ॅनालॉग आवाज. प्लगइनमध्ये असेल तर बहुतेक लोडर स्वतः रूपांतर करतात. एखादा करत नसेल तर स्पीकरचे सगळे उठाव जवळपास नऊ टक्क्यांनी सरकतात आणि कॅब लहान-मोठा झाल्यासारखा वाटतो. पेडल फाइल घेतच नसेल तर ती मोनो आणि २४ बिट आहे का तेवढं बघा.

१६. बेस गिटार आणि इलेक्ट्रो-अकुस्टिकला हेच चालेल का?

बेसची खालची ई ४१ हर्ट्झची. गिटारच्या कॅबमधून ती निम्मी गळून जाते, म्हणून बेस कॅबचा आयआर लावा, आणि सोबत थोडा कोरडा सिग्नल मिसळला तर उत्तम. इलेक्ट्रो-अकुस्टिकला गिटार स्पीकरचा आयआर लावला तर ती डब्यात बोलल्यासारखी होते. तिच्यासाठी लाकडी पेटीचे वेगळे आयआर मिळतात, पिझो पिकअपचा प्लॅस्टिकपणा त्याने बराच झाकला जातो.

१७. कोरडा ट्रॅक वेगळा ठेवायचा का?

इंटरफेसला दोन इनपुट असतील तर हो, नक्की. एकात पेडलचा तयार आवाज, दुसऱ्यात कॅबच्या आधीचा (काही पेडलांना त्यासाठी ‘थ्रू’ आउट असतो). सहा महिन्यांनी आयआर आवडेनासा झाला तर पुन्हा वाजवावं लागत नाही. कोरडा ट्रॅक एकटा ऐकून घाबरू नका, तो प्रश्न १ मधलाच तवा आहे.

१८. एकाच टेकची कॉपी करून डावी-उजवी लावली आणि दोन्हीकडे वेगळे आयआर दिले. डबल ट्रॅक झालं ना?

रुंदी थोडी वाटते, पण ते डबल ट्रॅक नाही. दोन्ही बाजूंची बोटं एकाच क्षणी पडतात, आणि मोनोमध्ये ऐकलं की प्रश्न १४ मधला पोकळपणा परत येतो. खरंच दोनदा वाजवा. दुसऱ्या टेकला गेन थोडा कमी करा, आयआर तोच राहिला तरी चालतो. दुसऱ्यांदा वाजवताना हात जिथे चुकेल तिथून पुढचं पुन्हा घ्या, मागचं कापून चिकटवू नका, सांधा ऐकू येतो.